पोचायची राहिलेली दुरुस्ती

गेल्या जूनमधली गोष्ट. परळच्या आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी आईला घेऊन कचेरीच्या दारात उभी राहिली. हातात शाळा सोडल्याचा दाखला. मुलीच्या आडनावात 'ऱ्ह' आहे, आणि दाखल्यावर त्याचा 'र्ह' झाला होता. कॉलेजातल्या कारकुनाने आधार कार्ड पाहिले, दाखला पाहिला आणि "दोन आडनावे कशी?" म्हणून कागद परत केला. आई एका खानावळीत पोळ्या लाटते. ती म्हणाली, "सर, ही तिसरी खेप. प्रत्येक खेपेला खाडा पडतो."

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर चित्रकलेचा कोर्स केला, त्यापुढे माझी मजल गेली नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अक्षराच्या वळणाशी आयुष्यभर संबंध आल्यामुळे त्या दाखल्याकडे पाहून माझ्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे झाले. वाचकहो, दर्यावर होडी जाते आणि दऱ्याखोऱ्यांतून पायवाट जाते. दोन्ही 'र' सारखे नव्हेत, हे आपल्याकडे चौथीतल्या पोरालाही कळते. एक रफार डोक्यावर बसतो, दुसरा अर्धा र पुढच्या अक्षराच्या पुढ्यात पापणीसारखा मिटून बसतो. हा पापणीचा र आम्हां मराठी माणसांचे खास लेणे आहे. तो पुसला म्हणजे माणसाचे आडनाव पुसले.

कारकून रजेवर होता, म्हणून हेडमास्तरांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. मी यंत्रापुढे बसलो, आडनाव नीट टाइप केले, पडद्यावर ते ठसठशीत 'ऱ्ह' होऊन उभे राहिले. जतन केले, छापले, पुन्हा 'र्ह'. चार वेळा केले, चार वेळा तेच. शेवटी ज्यांनी हे सॉफ्टवेअर शाळेला दिले त्यांना फोन लावला.

"सर, ती चूक आम्ही दोन वर्षांपूर्वीच काढली," पलीकडचा तरुण उत्साहाने म्हणाला.

"मग आमच्या दाखल्यावर ती कशी आली?"

"तुमच्याकडे जुनी आवृत्ती आहे ना. दुरुस्ती नव्या आवृत्तीत झाली."

"आणि आम्ही दरसाल देखभालीचे पैसे भरतो ते?"

"ते जुन्या आवृत्तीच्या देखभालीचे, सर."

या उत्तराने मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि हा लेख त्या रागातच लिहिला आहे. चूक झाली याचा राग नाही. चुका माझ्याही होतात. चूक सापडली होती, ती कशी काढायची हे ठाऊक होते, काढलीही होती. आणि ज्यांच्याकडून तिच्या देखभालीचे पैसे घेतले त्यांनाच ती पोचवली नाही, कारण पोचवायची राहिली आहे हे कुणी पाहिलेच नाही, याचा हा राग आहे.

या विषयातले मला जे थोडेफार कळते ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कृपेने. लालबागच्या चाळीत वाढलेला मुलगा. चित्रकलेत बेताचा, पण आज अशाच कामावर पगार घेतो. गणपतीत आरतीला आला तेव्हा मी त्याच्यापुढे दाखला टाकला. त्याने तो पाहिला आणि हसला. "सर, त्या दोन अक्षरांमध्ये एक न दिसणारी जोडखूण असते. ती आहे म्हणून पापणीचा र दिसतो. तुमचे सॉफ्टवेअर जतन करताना ती खूण कचरा समजून झाडून टाकते. ओळ दोन ओळींचे काम आहे."

"ओळ दोन ओळींचे? मग दोन वर्षे?"

तेव्हा त्याने मला शाखांचा प्रकार समजावला. मोठे सॉफ्टवेअर हे वडाच्या झाडासारखे असते. खोड वाढतच राहते, रोज नवे काही त्यात येते. पण बँक, रेल्वे, इस्पितळ, शाळा यांना रोजची वाढ परवडत नाही. त्यांना बसलेली घडी हवी. म्हणून एखाद्या दिवशी खोडापासून एक फांदी वेगळी करतात आणि सांगतात, की या फांदीला आता नवे काही फुटायचे नाही, पण कीड लागली तर आम्ही ती काढत राहू, पाच वर्षे, दहा वर्षे. यालाच दीर्घ मुदतीची शाखा म्हणतात. कल्पना सोन्यासारखी आहे. गोम एवढीच, की कीड बहुधा खोडात सापडते आणि औषधही खोडालाच घातले जाते. तीच कीड फांदीतही आहे, कारण फांदी खोडातूनच निघालेली. पण तिथवर बाटली घेऊन चढायचे कुणी?

हे केवळ आमच्या शाळेपुरते असते तर मी दिवाळीच्या दिवसांत तुमचा फराळ कडू केला नसता. जगातल्या बहुतेक मोठ्या यंत्रांच्या पोटात लिनक्स नावाचे सॉफ्टवेअर आहे. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते सुरू केले आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. एप्रिल 2015 मध्ये त्याच्या गाभ्यात एक लहानशी दुरुस्ती झाली. कुणालाही ती फार महत्त्वाची वाटली नाही. मे महिन्यात ती 3.10 नावाच्या जुन्या शाखेतही गेली. पण रेड हॅट आणि सेंटओएस यांनी त्याच 3.10 वरून आपली स्वतःची फांदी काढून जगभरच्या कचेऱ्यांत रुजवली होती. तिथे ती गेली नाही. सप्टेंबर 2017 मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की त्या एका राहिलेल्या दुरुस्तीमुळे यंत्रावरचा साधा वापरकर्ता सगळ्या यंत्राचा मालक होऊन बसू शकतो. म्हणजे औषध सव्वादोन वर्षांहून अधिक काळ कपाटात होते, आणि बाटलीवर 'खोकल्यासाठी' असे लिहिले होते म्हणून तापाच्या रोग्याला कुणी दिले नाही.

दुसरा प्रकार तर याहून वरताण. अँड्रॉइडच्या गाभ्यातला एक दोष नोव्हेंबर 2017 मध्ये एका स्वयंचलित तपासनीसाने, म्हणजे यंत्रावर रात्रंदिवस वेडेवाकडे प्रश्न फेकणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राने, पकडला. फेब्रुवारी 2018 मध्ये तो सुधारला. पण फोनवाल्यांना दरमहा जे सुरक्षेचे पत्रक जाते त्यात त्याचा उल्लेख आला नाही; त्यामुळे आधीच विकले गेलेले कित्येक फोन, अगदी गूगलचा स्वतःचा पिक्सेल 2 देखील, तसेच राहिले. सप्टेंबर 2019 च्या अखेरीस गूगलच्याच मॅडी स्टोन यांना आढळले, की या भोकातून लोकांच्या फोनमध्ये शिरण्याचा उद्योग प्रत्यक्ष चालू आहे. चोराला दुरुस्तीची वही वाचता येते, हे आपले देखभालवाले विसरतात. खोडात काय सुधारले ते सगळ्या जगापुढे उघडे असते. ते वाचून फांदीत काय राहिले हे शोधणे हा चोराचा धंदाच आहे. तो हे काम मन लावून करतो. मग ज्याला त्याचे पैसे मिळतात त्यानेच ते का करू नये?

आणि हे सगळे परदेशात घडते असे समजून कुणी चिवड्याकडे वळू नये. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक मोठे भोक बुजवणारे ठिगळ दिले. पण जुन्या एक्सपीसाठी ते सर्वांना खुले झाले 13 मे रोजी. 12 मे ला वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर इस्पितळे बंद पाडल्यानंतर. त्याआधी ते जादा पैसे भरणाऱ्यांपुरते होते. पुढे 27 जूनला नॉटपेट्या आला आणि त्याच्या तडाख्यात मर्स्क कंपनी सापडून आपल्या समोरच्या न्हावा-शेवा बंदरातले तिचे टर्मिनल ठप्प झाले. हा दुसरा विषाणू त्या भोकाखेरीज इतर वाटांनीही शिरत होता, हे खरे. सगळे खापर एका ठिगळावर फोडणे न्यायाचे होणार नाही. पण मार्चमध्ये तयार झालेले औषध जूनमध्येही अनेक यंत्रांना लागलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

आता या प्रकरणी जे मानभावी युक्तिवाद ऐकू येतात त्यांचा समाचार घेतो.

पहिला: "जुने वापरताच कशाला? नवे घ्या." हे म्हणणाऱ्याने एकदा आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसावे. नव्या आवृत्तीला नवे यंत्र लागते, नव्या यंत्राला पैसे लागतात, आणि आमच्या शाळेत खडूसुद्धा मोजून देतात. ते सोडा, वीजघरातले यंत्र किंवा रेल्वेचा सिग्नल दर दोन वर्षांनी नवा करता येतो का? याच कारणाने 2016 साली सीमेन्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्या एकत्र आल्या आणि लिनक्सची 4.4 ही शाखा दहा वर्षांवर जगवण्याचा पण त्यांनी केला. जुने वापरणारा आळशी असतो असे नाही. पुष्कळदा तो जबाबदार असतो.

दुसरा युक्तिवाद उलट दिशेचा, आणि आम्हां गिरगावकरांना फार प्रिय: "चालतंय ना? मग हात लावू नका." माझ्या चाळीत याच तत्त्वावर एक सज्जा तीस वर्षे उभा होता. पुढे काय झाले ते सांगत नाही, सणाचे दिवस आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाहा. 1920 च्या दशकात एकाच साच्यातून काढल्यासारख्या सुमारे दोनशे इमारती उठल्या. तशा एका इमारतीत अमुक कोपऱ्यात पाणी मुरते असे कळले, की जुना मुकादम बाकीच्यांतही तोच कोपरा ठोकून पाहील. बाकीच्या भाडेकरूंनी अजून तक्रार केली नाही, याचा अर्थ तिथे पाणी मुरत नाही असा तो घेणार नाही. एवढी अक्कल आमच्या मुकादमाला आहे. ती देखभालीच्या कराराखाली सही ठोकणाऱ्याला का नसावी?

तिसरा मात्र विचार करण्याजोगा आहे, आणि तो माझ्या विद्यार्थ्यानेच मांडला. "सर, दुरुस्ती उचलून फांदीत चिकटवली की झाले, असे नसते. खोड पुढे गेलेले असते. तिथले औषध इथे विष होऊ शकते." त्याने उदाहरणही तसेच दिले. लिनक्समधला एक जुना दोष टोरवाल्ड्स यांनी स्वतः 2005 साली काढायचा प्रयत्न केला. पण त्या दुरुस्तीने आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर भलतीच अडचण उभी राहिली, म्हणून ती मागे घेण्यात आली. दोष राहिला तो राहिलाच. 2016 च्या ऑक्टोबरात तो पुन्हा डोके वर काढून आला तेव्हा त्याचा फायदा घेणारे आधीच कामाला लागले होते, आणि अकरा वर्षांपूर्वी आपणच तो वाईट रीतीने सुधारू पाहिला होता, हे टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणातच लिहून टाकले. या कबुलीबद्दल मला त्या माणसाविषयी आदर वाटतो.

तेव्हा प्रत्येक दुरुस्ती डोळे मिटून घ्या, असे माझे म्हणणे नाही. घेतली नाही तर का घेतली नाही, ते लिहून ठेवा, एवढेच मागणे आहे. 'पाहिली, आपल्या शाखेला लागू नाही' आणि 'पाहिलीच नाही' या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. माझ्या आजोबांच्या पोथीत ते अजून आहेत. त्यांना मी चूक म्हणत नाही, ती त्या काळची रीत. पण पोथीत 'सीता' च्या जागी 'सीमा' छापले असेल तर ते कोणत्याही काळात चूकच. पहिली सुधारणा, दुसरी दुरुस्ती. जुन्या शाखेला सुधारणा नाकारण्याचा हक्क आहे. दुरुस्ती विसरण्याचा नाही.

या वरून पंचांग आठवते. हा अंक हाती घेणाऱ्या घरांत भिंतीवर ते टांगलेलेच असेल. गणेश दैवज्ञांनी 1520 साली कोकणात नांदगावी बसून 'ग्रहलाघव' रचले आणि त्यावरून शतकानुशतके पंचांगे निघाली. काळ लोटला तसे गणित आणि आकाश यांच्यात अंतर पडत गेले. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 मध्ये नवी कोष्टके छापली, 1865 पासून त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघू लागले. दुरुस्ती झाली होती, छापली होती, बाजारात होती. तरी जुन्या गणिताची पंचांगे पुढे कित्येक वर्षे घरोघर चालतच राहिली. टिळकांसारखा माणूस मागे लागला तरी एकवाक्यता झाली नाही, आणि आजही कोकणात टिळक पंचांगाच्या घरचा अधिक मास शेजाऱ्याच्या अधिक मासाशी जुळला नाही, की एका आळीत दोन वेगळ्या महिन्यांत गणपती बसतात. मेघनाद साहांच्या समितीने 1955 साली अहवाल दिला, 22 मार्च 1957 पासून सरकारी दिनदर्शिका सुरू झाली, आणि तुम्ही-आम्ही ती रेडिओवर ऐकून सोडून दिली. पंचांगात दुरुस्ती कोणती आणि चूक कोणती यावरच विद्वानांचे जुंपले होते, म्हणून त्यांना थोडी सूट देता येते. माझ्या मुलीच्या 'ऱ्ह' बाबत असा कोणता वाद होता?

मुळात शोधायचे कसे, हा प्रश्न. इथे मला वाटले होते की काही अगम्य विद्या असेल. निघाली ती आपली वहीखात्याचीच विद्या. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या दुकानदाराला रोजकीर्द आणि खतावणी यांचा ताळा घालायला शिकवावे लागत नाही. लिनक्सवाल्यांची रोजकीर्द म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो. दुरुस्ती करणाऱ्याने तिच्याखाली एक ओळ लिहायची असते: अमुक क्रमांकाच्या बदलाने जी चूक घुसली ती मी काढली. झाले, ताळा घालायला एवढे पुरते. आपल्या फांदीत कोणकोणते बदल आहेत त्यांची यादी करा. त्यांपैकी कोणत्या बदलाकडे खोडातली पुढची एखादी दुरुस्ती बोट दाखवते ते पाहा. ती दुरुस्ती फांदीच्या वहीत आहे का ते शोधा. चूक आहे आणि दुरुस्ती नाही, अशी जी जी जागा, ती येणे बाकी.

हे यंत्र करू शकते, आणि करतेही. पण यंत्राला फसवायला माणूस समर्थ आहे. काही लोक ती ओळ लिहीतच नाहीत. काही दुरुस्तीला 'किरकोळ साफसफाई' असे नाव देतात. कुठे फांदीत तीच दुरुस्ती वेगळ्या मथळ्याखाली आधीच आलेली असते, मग यंत्र उगाच येणे दाखवते. तिथे नाव सोडून मजकूरच मजकुराशी ताडून पाहावा लागतो. आणि पुष्कळदा दुरुस्तीतच चूक असते, मग तिची दुसरी दुरुस्ती येते. पहिली उचलली आणि दुसरी राहिली तर पूर्वीपेक्षा वाईट. म्हणजे यादी यंत्राने करावी, पण प्रत्येक कलमावर शेवटी एका शहाण्या माणसाने बसले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात नाव नाही, टाळ्या नाहीत. नवी आवृत्ती काढणाऱ्याचा सत्कार होतो. जुन्या आवृत्तीचे येणे वसूल करणाऱ्याला कुणी नारळही देत नाही.

इथे माझेही एक येणे बाकी कबूल करतो. माझ्या पहिल्या कादंबरीत मी गिरणीच्या पाळ्यांच्या वेळा चुकीच्या लिहिल्या होत्या. लालबागच्या एका निवृत्त साचेवाल्याने पत्र पाठवून मला झापले. दुसऱ्या आवृत्तीत मी त्या सुधारल्या आणि मोठ्या ऐटीत प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले. पण त्याच प्रकरणातला उतारा एका निवडक संग्रहात गेला होता, तो पहिल्या आवृत्तीवरून. संग्रह पुन्हा पुन्हा छापला गेला. त्यांना एक कार्ड टाकावे असे मला कधी सुचले नाही. 1982 च्या संपानंतर जन्मलेल्या पोरांनी गिरणीचा भोंगा ऐकलेलाच नाही. ती माझ्या त्या चुकीच्या वेळा खऱ्या धरून चालली असतील. फोनवरच्या त्या तरुणाला बोल लावताना हे मला आठवत होते, हे सांगितले नाही तर ती लबाडी होईल.

असो. दिवाळीच्या सुट्टीआधी तो विद्यार्थी शाळेत आला. सॉफ्टवेअरवाल्यांनी नव्या आवृत्तीची जाहिरात म्हणून जे रंगीत पत्रक पाठवले होते, त्याच्या मागच्या पानावर 'केलेल्या दुरुस्त्या' अशी अभिमानाची यादी होती. एकंदर तेवीस. आम्ही दोघे यंत्रापुढे बसलो आणि प्रत्येक दुरुस्तीची मूळ चूक आमच्या आवृत्तीत आहे का ते एकेक करून पाहिले. चहाचे तीन पेले झाले. तेवीसपैकी नऊ चुका आमच्याकडे जशाच्या तशा होत्या. 29 फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलाचे वय मोजताना यंत्र एक वर्ष खाते, हे तेव्हा कळले. आमच्या सातवीत असा एक मुलगा आहे. त्या नऊ कलमांचे पत्र हेडमास्तरांच्या सहीने गेले, करारातल्या 'देखभाल' या शब्दाखाली तांबडी रेघ मारून. आठ दिवसांनी सहा दुरुस्त्या आल्या. तिघांचे उत्तर आले, की जुन्या आवृत्तीत त्या बसत नाहीत. का बसत नाहीत, ते लिहून द्या, असे दुसरे पत्र गेले आहे.

मग मी मुलांचे जनरल रजिस्टर काढले. त्यात नावे हाताने लिहिलेली, म्हणून पापण्या शाबूत. गेल्या दोन वर्षांत बाहेर गेलेल्या दाखल्यांशी ती ताडून पाहिली. सतरा दाखले चुकीचे निघाले. सतराही नव्याने छापले, पोरांना निरोप धाडले. सोळा जण येऊन घेऊन गेले. ती खानावळीतली बाई तर येताना डब्यात चार करंज्या घेऊन आली. सतरावा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यांची चाळ पाडली, माणसे बदलापूरच्या बाजूला कुठेशी गेली, शेजाऱ्यांकडे फोन नंबर होता तो लागत नाही. पाकिटावर आडनाव मी बोरूने लिहिले आहे.